मागचा एक्सल कोणी निवडायचा

2021 च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, आयर्लंडमधल्या मेनूथ गावातल्या माझ्या घरमालकीणबाईंचा अपमान झाला. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर कांदा चिरत होते, म्हणजे साक्षीदार मीच. त्यांनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याला विचारलं, "माझ्या गाडीला याहून भक्कम मागचा एक्सल मिळेल का?"

तो म्हणाला, "बोलायला घरात कुणी पुरुष आहे का?"

"होता. ऑक्टोबरात गेला."

"अरेरे. मग विकून टाका ना गाडी, बाई. कशाला डोक्याला ताप?"

बाईंनी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि किटली लावली. आभार मानले! मला तेच सहन झालं नाही.

मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहणारी विद्यार्थिनी. भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहायचे, चौकात उभी राहून वाटायचे. लॉकडाउनमध्ये वाटणं थांबलं, राग थांबला नाही. बाई एकाहत्तर वर्षांच्या. नावाने हाक मार म्हणायच्या, पण माझी जीभ वळेना. शेवटी 'काकू'वर तडजोड झाली आणि ते त्यांना आवडलंही.

शेडमध्ये एक लांबलचक अमेरिकन मसल कार होती, म्हणजे वेगासाठीच बनवलेली दणकट जुनी गाडी. स्टिअरिंग डावीकडे, रंग बाटलीसारखा हिरवा. आदल्या उन्हाळ्यात काकांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, तिच्यात मोठं इंजिन बसवलं होतं. इंजिनाचा सगळा जोर शेवटी मागच्या एक्सलवर, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या आसावर येतो. त्याच्या आतली दातेरी चाकं आणि बाजूचे दांडे तेवढ्या तोलाचे नसले तर एक दिवस तुटतात. एक्सल बदलायचा राहिला आणि काका गेले. त्यांना कासलबारला, त्यांच्या गावी पुरलं. चर्चमध्ये मोजकी माणसं, बाकी गाव रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं. काकूंना आता एवढंच हवं होतं की प्रवासाची बंदी उठली की ही गाडी स्वतः चालवत त्यांच्या थडग्यापाशी न्यायची.

मी म्हटलं, "काकू, त्या माणसाविरुद्ध तक्रार लिहू या."

"चहा पी. निवतोय."

"मग तुम्ही बसा, मी बघते."

आमच्याकडे मोठ्यांशी असंच बोलतात. माझ्या आईने तिच्या सासूला हेच म्हणत कधी बँकेत एकटं जाऊ दिलं नाही, आणि सगळ्या नातेवाइकांनी तिला गुणी म्हटलं.

तर मी बघितलं. ड्रोहेडाजवळचा एक दुसरा विक्रेता शोधला. भला माणूस होता. त्याने विचारलं, "गाडी कशी चालवणार?" मी बेधडक सांगून टाकलं, "वयस्कर बाई आहेत, जपून चालवतील. दफनभूमीपर्यंत जायचं नि परत यायचं." तो म्हणाला की मग जड एक्सलची गरज नाही, आहे तोच खोलून बेअरिंग बदलली की झालं. मी हो म्हणून मोकळी झाले आणि ऐटीत काकूंना सांगायला गेले.

 त्यांनी भिंतीतल्या कपाटातून चहाचा रिकामा डबा काढला आणि त्यातून लोखंडाचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढा, एका बाजूने चकचकीत, दुसरीकडे खडबडीत.

"याच एक्सलमधल्या चाकाचा दात. पस्तिशीत मीच तोडलाय."

"तुम्ही?"

"जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. मी चालवायची, नवरा दुरुस्त करायचा आणि स्टॉपवॉच धरायचा. गाडी माझी आहे, पोरी. त्या पहिल्या माणसाने निदान मलाच तोंडावर सांगितलं. तू मला विचारलंस तरी का?"

 इतकी पत्रकं लिहिली, पण स्वतःच्या तोंडून त्या पहिल्या विक्रेत्याचंच वाक्य जरा गोड करून बोलले होते.

मी ड्रोहेडाच्या विक्रेत्याचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्या तासभर बोलल्या. बाजूचे दांडे किती जाड, इंजिनाचा जोर मागे नेणारा कार्डन शाफ्ट किती आखूड करावा लागेल, हँडब्रेकची केबल पुरेल का. मधेच तो काहीतरी म्हणाला आणि त्या खदखदून हसल्या. ऑक्टोबरनंतर ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं. मग आम्ही दोघी गाडीखाली पुठ्ठे टाकून आडव्या झालो. टेपचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. एका चाकाच्या बैठकीपासून दुसऱ्या चाकाच्या बैठकीपर्यंत माप घ्यायचं असतं. मी धातूच्या कडेला धरलं होतं. त्यांनी माझा हात धरून टेप दोन बोटं सरकवली.

"इथे. तोही नेहमी हेच चुकायचा."

 मी हात सोडवून घेतला नाही.

जाडजूड, जड एक्सल आला. मे महिन्यात काउंटीबाहेर, म्हणजे आपल्या जिल्ह्याबाहेर जायची मुभा मिळाली आणि आम्ही निघालो. हमरस्त्याला लागताना काकूंनी पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. मागून कसलाही कडकड आवाज नाही. "हळू जायचं असतं तर बसने आले असते," त्या म्हणाल्या. कासलबारला थडग्यावरचं गवत हाताने बाजूला सारत त्या हलकेच बोलल्या, "बसवला बरं का. मोठा घेतला."

तुमच्याही घरात असं कुणीतरी आहे, जिच्या वतीने तुम्ही प्रेमाने सगळं ठरवता. तिला आज विचारा काय हवंय, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.