अंबादासची पेन्सिल

अंबादास गेल्याचा फोन तेरहून आला तेव्हा मी येरमाळ्यात शेंगा फोडत बसले होते. हातातल्या तेवढ्या फोडल्या, लुगडं बदललं आणि एसटीत बसले. धाकटा भाऊ माझा. पण रडून तो उठणार नव्हता.

उभी हयात त्यानं जमिनीच्या सरकारी मोजणीत साखळी ओढली. नोकरीच्या सुरुवातीला एकाच दगडावर विसंबून त्यानं हद्द धरली. दगड शेजाऱ्यानं सरकवलेला निघाला आणि एका म्हातारीची विहीर पलीकडच्या शेतात गेली. फेरमोजणीत ती परत मिळाली, पण तोवर वर्षभर तिनं दुसऱ्याच्या दारचं पाणी वाहिलं. तेव्हापासून तीन खुणा जुळल्याशिवाय हा हद्द सांगायचा नाही. प्रत्येक खुणेला थांबून वहीत लिहायचा, पेन्सिल खिशाला दोरीनं बांधलेली. पुढं उपग्रहाला विचारून मोजणारं यंत्र आलं, तरी वही सुटली नाही. मी चिडवायची, "यंत्रापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय रे?" तो म्हणायचा, "अक्का, ते वरचं ऐकून बोलतंय. वरच्यानंच फसवलं तर?"

त्याची लेक सुमन पायलट झाली. परदेशाच्या लांब फेऱ्या. मागच्या वर्षी लढाई चाललेल्या मुलखाजवळून जाताना खालून कुणीतरी खोटे सिग्नल सोडले. पडद्यावर विमान भलतीकडंच दिसायला लागलं, घड्याळ चुकलं, आणि ढगांच्याही वर असताना यंत्र ओरडायला लागलं, जमीन आली, वर घ्या! मागं तीनशे माणसं... पण पोरीनं दर टप्प्याला वेळ आणि दिशा कागदावर लिहिली होती. विमानाचं स्वतःचं दिशायंत्र, जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची खूण आणि तो कागद, तिन्ही जुळले. शेजारच्या मोठ्या पायलटला ती म्हणाली, "सर, उपग्रहाचं खोटं आहे." त्यांनी उपग्रहाचं ऐकणं बंद केलं आणि विमान नेमकं धावपट्टीवर उतरवलं.

उतरल्यावर पहिला फोन बापाला. मी शेजारीच होते, पण तिचे शब्द मला नंतर तिनंच सांगितले: "आबा, तीन दगड जुळले!"

"काय म्हणाली रे?" मी विचारलं.

"काय न्हाय. पोचली म्हणं."

त्या दिवशी पठ्ठ्यानं एक भाकरी जास्त खाल्ली.

तेराव्याला निघताना सुमन म्हणाली, "आत्या, आबांची पेन्सिल द्या मला."

"दोन बोटं राहिलीय ती. नवी घे की!"

"नवी एवढी हट्टी नसती, आत्या."

दिली. आता अंगणावरून विमान गेलं की मी मान वर करते. त्यात सुमन नसेलही. पण कुठल्यातरी विमानात माझ्या भावाची पेन्सिल दर टप्प्याला वेळ लिहितेय. मी त्याला जन्मभर खुळा म्हणत आले. चूक माझी होती, हे इथं लिहून ठेवते.