फक्त सीझन बॉल

आमच्या तालुक्यात चेंडू दोनच जातींचे. एक सीझन बॉल, म्हणजे लाल, चामड्याचा, लागला तर दात हातात देणारा. आणि दुसरा म्हणजे बाकीचा सगळा, रबरी नाहीतर टेनिसचा. माझ्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं रबरी चेंडूच्या टुर्नामेंट गाजवण्यात घालवली, पण कुणी कौतुक केलं की मान खाली घालून म्हणायचे, "सीझन नाही हो खेळलो कधी." म्हणजे खरं क्रिकेट नाही खेळलो. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की दुबईत अर्धं आयुष्य काढूनही ते डोक्यातून निघालं नाही. निघालं असतं तर फार बरं झालं असतं.

माझी मुलगी सोळा वर्षांची. वेगात चेंडू टाकते. टाकायची, असं लिहायला हवं, पण हात वळत नाही. आम्हा नवराबायकोच्या दोन्ही घराण्यांत कुणी इतकं उंच नाही. हे पाय कुणाचे, असं सासूबाई व्हिडिओ कॉलवर अजूनही विचारतात. गेल्या सीझनला ती पहिल्यांदा बायकांच्या लीगमध्ये उतरली आणि महिन्याभरात तिशीतल्या, चांगल्या मुरलेल्या बॅटर तिच्यासमोर एक पाऊल मागे सरकून उभ्या राहायला लागल्या. सीझन संपला की इथल्या राष्ट्रीय संघाचं शिबिर होतं आणि त्या यादीत ती असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिला तेवढंच हवं होतं. अभ्यासाचं टेबल, कपाटाचं दार, आरशाची कड, सगळीकडे तिने त्या शिबिराच्या आठवड्याची तारीख चिकटवून ठेवली होती.

नोव्हेंबरात तिची पाठ दुखली. दोन दिवसांत दुखायची थांबली, पण तिच्या कोचने ते सोडलं नाही. कोच लाहोरचा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. स्वतः वेगवान गोलंदाज होता आणि बाविसाव्या वर्षी पाठीपायी खेळ संपला होता. त्याने मला सिलिकॉन ओएसिसमधल्या माझ्या ऑफिसजवळ चहाला बोलावलं, कप बाजूला सारला आणि मुद्द्याला हात घातला.

"मॅडम, इस उम्र में ताकत पहले आती है, हड्डी बाद में. हफ्ते के चौरासी बॉल. मॅच हो, नेट हो, हर गेंद गिनी जाएगी. चौरासी के बाद खलास."

"मी सांगते तिच्या बाबांना," मी म्हटलं आणि लगेच हिंदीत पुन्हा सांगितलं.

"नहीं. आप गिनेंगी. बाप लोग झूठ बोलते हैं."

माझं हसू दाबता दाबेना. नवरा अबुधाबीच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, दिवसभर पाहुण्यांशी गोड बोलतो, आणि मुलीच्या बाबतीत तर तो मुळीच विश्वास ठेवण्यासारखा नाही. तिने "बाबा, प्लीज" म्हटलं की हा विरघळला. तर मोजायचं काम माझ्याकडे आलं. करामातल्या एका दुकानातून मी बोटात घालायचं जपाचं काउंटर आणलं, अंगठीसारखं असतं ते, बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. एक वहीही घेतली. त्याने "हर गेंद" म्हटलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सीझन बॉल’, खाली दुहेरी रेघ मारली आणि कामाला लागले.

मी जसे चेंडू मोजले तसे कुणी मोजले नसतील. नेटमधले, सरावाचे, वाइड, नो बॉल, सामना सुरू होण्याआधी हात मोकळा करायला टाकलेले, सगळे. सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून मी बसायची आणि माझा अंगठा चालू. संघातल्या एका मुलीच्या आईला वाटलं, मी नामस्मरण करते. "कितनी भक्ती है आप में," म्हणाली बिचारी. मी तिला तसंच वाटू दिलं.

उपांत्य सामन्यात काउंटर चौऱ्याऐंशीवर आलं तेव्हा समोरच्या संघाला बारा धावा हव्या होत्या आणि दोन ओव्हर बाकी होत्या. मी उभी राहिले आणि हात वर केला. कोचने कॅप्टनला खूण केली, चेंडू दुसऱ्या मुलीकडे गेला आणि आम्ही हरलो. ज्या बायका रोज डब्यातलं चाखायला द्यायच्या, त्यांनी पार्किंगमध्ये मला बघून गाडीच्या काचा वर केल्या. घरी जाताना करामाच्या सिग्नलला नवरा न राहवून बोललाच, "सहा बॉलने काय आभाळ कोसळणार होतं?"

"कोसळलं असतं तर तू धरणार होतास?" मी म्हटलं.

"गाइज, स्टॉप. इट्स फाइन," मागून मुलगी म्हणाली. आरशात मला दिसलं, तिने एक हात पाठीमागे घालून कंबर दाबून धरली होती. मी तेव्हा ते सामना हरल्याच्या दुःखाच्या खाती टाकलं.

खरं सांगायचं तर मला माझ्या कडकपणाचा माज चढला होता. सगळे विरघळतात, मी विरघळत नाही, हे मला आवडायला लागलं होतं. आणि त्याच दिवसांत घरात बारीकसारीक गोष्टी बदलत होत्या. मुलगी मोजे उभ्याने घालायची, ती जमिनीवर बसून घालायला लागली. लिफ्टमध्ये शिरली की भिंतीला टेकायची. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायची, मग हाताने रेटा देऊन उठायची, माझी आई गुडघे गेल्यावर उठायची तशी. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "आय अ‍ॅम फाइन, आई." मग मी वही उघडायची. एकोणऐंशी. ब्याऐंशी. एकाही आठवड्याला चौऱ्याऐंशीच्या पुढे आकडा नाही. मला हायसं वाटायचं. वही बरोबर होती, म्हणून मी पोरीकडे नीट बघितलंच नाही.

आता त्या रविवारांबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी तेच टाळते आहे.

आमच्या तालुक्याची पुष्कळ माणसं इथे साइटवर आहेत. कुणी सुतारकाम करतो, कुणी वेल्डिंग, कुणी क्रेनखाली उभा राहून खुणा करतो. बहुतेक एकटे, बायकापोरं गावी. रविवारी सुट्टी असली की त्यांच्या राहण्याच्या वस्तीमागच्या वाळूत ते टेनिसच्या चेंडूने टुर्नामेंट खेळतात आणि आम्ही चारपाच घरं बाजूला तंबू टाकून पोहे, वडे करतो. नवऱ्याची रविवारी ड्यूटी असते, त्यामुळे मी आणि मुलगी दोघीच जायचो. जानेवारीतल्या एका रविवारी त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, माझ्या माहेरच्या गावचाच, क्रेनवाला, माझ्याकडे आला.

"ताई, पोरगी एवढी पेपरात आली म्हणतात. एक ओव्हर टाकू दे की तिला. गावाला व्हिडिओ पाठवतो."

मुलगी माझ्याच शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट विचारलं, "आई, डझ दिस काउंट?"

तिने विचारलं होतं. हे मला लिहून ठेवायचंच आहे. तिने विचारलं आणि उत्तर मी दिलं.

"हा कुठे सीझन बॉल आहे?" मी म्हटलं. "टाक, टाक. सगळे बघायला थांबलेत."

एका ओव्हरवर कोण थांबतंय! हवेत वजन नसलेला तो चेंडू, वाळूवर उसळायचं नाव घेत नाही. त्याला वेग द्यायचा तर सगळं अंग त्यात घालावं लागतं, कमरेतून वाकवून, झटका देऊन. हे मला माहीत होतं. माझे वडील प्रत्येक टुर्नामेंटनंतर दोन दिवस गोठ्यातही वाकू शकायचे नाहीत. पण त्या दिवशी मला ते आठवलं नाही, कारण माझ्या गावचे चाळीसपन्नास पुरुष माझ्या मुलीसाठी ओरडत होते. ज्या मैदानाच्या कडेला आम्हा मुलींना उभंही राहू देत नसत, तिथले लोक. तिने एकाचा स्टंप उखडला तेव्हा तो माणूस बॅट टाकून तिच्या पाया पडायला आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा संघ म्हणाला, आम्हालाही तिच्यासमोर खेळायचंय. मग तिसरा. "यल्ला, अजून एक!" असा गिल्ला चालला होता आणि त्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. सगळे मिळून पाच रविवार. काउंटर माझ्या पर्समध्ये पडलेलं असायचं. पाचव्या रविवारी परतताना ती गाडीत पुढे बसली नाही, मागच्या सीटवर पालथी झोपली. "टायर्ड," म्हणाली. मी एसी वाढवला आणि गाडी चालवत राहिले.

तीन दिवसांनी नेटमध्ये चौथा चेंडू टाकून ती खाली बसली ती उठलीच नाही. कोचने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून गाडीत घातलं. इतकी उंच मुलगी, पण रडली मात्र अगदी लहान मुलीसारखी.

डॉक्टरांनी स्क्रीनवर तिच्या कमरेचा मणका दाखवला. दोन्ही बाजूंना चीर. एक जुनी, भरत आलेली, आणि तिच्यावर ताण येऊन दुसरी. वर्षभर चेंडूला हात लावायचा नाही, म्हणाले. नंतर खेळेल, पण पूर्वीचा वेग येईल असं ते सांगू शकणार नाहीत. शिबिराचा प्रश्नच संपला होता. नवरा ड्यूटी सोडून आला होता, गळ्यातला टायही काढायचा राहिला होता. कोच दाराशी उभा होता. त्याने माझी वही हातात घेतली, पानं उलटली आणि डॉक्टरांपुढे धरली.

"हर बॉल गिना है मॅडम ने. ये तो हो ही नहीं सकता."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. आणखी कुठे खेळतेस का, त्यांनी विचारलं.

बोलायला तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली,

"संडेज. टेनिस बॉल. आईला माहीत नव्हतं. शी वॉज इन द टेंट, कुकिंग. मी तिला सांगितलं, मी फक्त बॅटिंग करते."

नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. कोचने वही मिटून माझ्या हातात दिली आणि इतक्या मऊ आवाजात बोलला की मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "आपकी कोई गलती नहीं, मॅडम."

मी "जी" म्हटलं.

औषधांच्या रांगेत आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला विचारलं, तू खोटं का बोललीस? कमरेला नवा पट्टा होता, त्यामुळे ती ताठ उभी होती, माझ्याकडे मान वळवणंही तिला जड जात होतं.

"बाबा विल फरगिव मी," ती म्हणाली. "तुला नाही करणार."

मी तिला म्हणू शकले असते की चल, आत्ता जाऊन सांगूया. नवरा वीस पावलांवर गाडीची किल्ली घेऊन उभा होता. मी प्रिस्क्रिप्शन खिडकीत सरकवलं.

याला आता सात महिने झाले. ती शाळेत जाते, व्यायाम करते, टीव्हीवर सामना लागला की उठून खोलीत जाते. नवरा तिला रागावत नाही, तो रागावणारा माणूसच नाही. फक्त अधूनमधून त्याच्या मनात दाटून येतं. परवा जेवताना तो म्हणाला, "आईने एवढं जिवाचं रान केलं गं तुझ्यासाठी. तेवढं एक तिचं ऐकलं असतंस तर?"

"आय नो, बाबा. सॉरी," ती म्हणाली आणि भात कालवत राहिली. मी तिला आमटी वाढली.