जालीम काहीतरी द्या!

मेडिकलच्या काउंटरमागे किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच आणून टाकतं. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीला आमचं दुकान होतं, आणि एका शब्दाने माझं डोकं उठवलेलं. जालीम! खोकला असो की खरूज, "जालीम काहीतरी द्या!" साधं औषध कुणाला नकोच!

*

शेवटी मी पाटीच लावली, 'खोकल्यावर जालीम औषध मिळेल'. लगेच एक रिटायर मास्तर आत आले.

"जालीम म्हणजे क्रूर! औषध काय जुलूम करतं? 'गुणकारी' लिहा!"

मी गपचूप पाटी बदलली. पुढच्याच आठवड्यात मास्तर गाल धरून हजर!

"दाढेवर गुणकारी देऊ, सर?"

"गुणकारी गेलं खड्ड्यात! जालीम दे!"

*

एका काकूंना झुरळांवर जालीम औषध हवं होतं. मी डबा काढला.

"याने मरतील?"

"मरणारच!"

"अहो, श्रावण चाललाय! मारायची नाहीत. नुसती शेजारी गेली पाहिजेत."

*

एक हिंदी बोलणारी बाई खोकणारं पोर घेऊन आली. मी कौतुकाने म्हटलं, "एकदम जालिम दवा है!"

तिने पोराला मागे ओढलं. "कोई शरीफ दवा नहीं है?"

मी बाटली कपाटात ठेवली आणि तीच परत काढली. "ये लो. बहुत शरीफ!"

*

आणि ठाकुर्लीच्या सुमनताई. नवरा फिटर, रोज पिऊन यायचा.

"दारू सुटायला जालीम काहीतरी द्या."

"असं औषध आमच्याकडे नाही, ताई. डॉक्टरांना दाखवा."

"तो येतोय डॉक्टरकडे!"

मागे गिऱ्हाइकांची गर्दी, आणि बाई हलेचनात!

"मग एक रिकामी बाटली तरी द्या."

वैतागून दिली. धुतलेली, झाकणासकट.

काही दिवसांनी नवरा आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभा राहिला.

"शेठ, तुम्ही आमच्या हिला बाटली दिलेली ना? मी पिऊन आलो की समोर बसून त्यातलं झाकणभर प्यायची. काय आहे विचारलं, तर म्हणे, जालीम आहे. तू थांब, मी थांबते."

"मग?"

"थांबलो ना! ती पण थांबली." तो काउंटरवर वाकला. आवाज एकदम खाली आला. "पण खरं सांगा शेठ, तिला काय होणार नाही ना? किती जालीम होतं ते?"



"फार," मी म्हटलं. "पण तुमची बंद आहे ना, तोवर तिला काही होत नाही."