कॅरॅव्हॅनचं नाक आणि कुमुदताईंचा काटा

वासुदेव कर्णिकांनी आपल्या सासूबाईंचा वजनकाटा कॅरॅव्हॅनच्या नाकाखाली ठेवून मोडला, तेव्हा शारजातल्या त्यांच्या इमारतीमागच्या वाळूच्या मैदानात पाहायला कुणी नव्हतं. एक मांजर होतं, तेही तोंड फिरवून निघून गेलं.

नाक म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढचा लोखंडी दांडा. तो गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसतो. आदल्या संध्याकाळी तो पहिल्यांदा बसवला, तेव्हा वासुदेवांच्या सात सीटच्या गाडीनं मागून बैठक मारली आणि पुढून मान वर केली. दिवे लावले तर उजेड रस्त्यावर न पडता दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पडला. काहीतरी चुकतंय हे तेव्हाच कळलं. मग त्यांनी व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतल्या माणसानं न्हाणीघरातला साधा काटा घेतला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि दांडा अलगद खाली टेकवला. वासुदेवांनी सगळं तसंच केलं, फक्त 'अलगद' तेवढं राहून गेलं. सुई शंभर ओलांडून गेली, एकशे वीस ओलांडून गेली, आणि मग आत काहीतरी 'कट्' करून तुटलं.

वासुदेव दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत ऑडिटचे मॅनेजर. दुसऱ्यांनी झाकून ठेवलेल्या चुका उघड्या करायच्या, याचाच त्यांना पगार मिळतो. त्यांनी काटा रुमालानं पुसला, शर्टाखाली धरून वर नेला, हॉलमध्ये कुणी नाही असं पाहून सासूबाईंच्या पलंगाखाली होता तिथे सरकवून दिला, आणि स्वतःशीच म्हणाले, "खलास."

पण हा काटा म्हणजे काही साधीसुधी वस्तू नव्हती.

सासूबाई कुमुदताई लग्न होऊन आल्या त्या थेट अबुधाबीतल्या रुवैसला. त्यांचे यजमान वसंतराव तिथल्या रिफायनरीत होते. काटा त्यांनीच घेतलेला, गोल तबकडीचा, जाड लोखंडी. वसंतराव गेले तेव्हा लेक हेमा शाळेत होती. लोक म्हणाले, आता पनवेलला परत जा. कुमुदताई म्हणाल्या, "का?" आणि शारजात दोन खोल्या घेऊन त्यांनी चकली, अनारसे, शेव करून विकायला सुरुवात केली. हेमाचं शिक्षण त्या चकलीवर झालं. आता गुडघे गेले, कढई सुटली, लेकी-जावयाकडे राहायला आल्या. काटा मात्र सुटला नाही. तो इमारतीचा काटा झाला होता.

आखातातल्या माणसाला विमानात किती किलो नेता येतं हे स्वतःच्या रक्तगटाआधी माहीत असतं. इमारतीतला जो कुणी गावी निघे, तो आदल्या संध्याकाळी बॅगा घेऊन कुमुदताईंकडे येई. बॅग उभी राहत नसली तर त्या ती छातीशी धरून स्वतः काट्यावर चढत आणि आपलं वजन मनातल्या मनात वजा करून निकाल देत. "तीन किलो जास्त. काढा." मग लोक काय काढायचे? मोजे. रुमाल. एक टूथपेस्ट. कुमुदताई कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या आणि मग म्हणायच्या, "रुमाल काढून काय होणारे? सगळ्यात जड काय आहे ते काढा!" आणि बॅगेच्या तळाशी लपवलेली टँगची बरणी स्वतःच उपसून बाहेर ठेवायच्या. कुणी रागावलं नाही. त्या बोलल्या नसत्या तर विमानतळावर बोललं गेलं असतं, तेही पैसे घेऊन.

तर अशा त्या. रोज सकाळी आंघोळ झाली की स्वतःही काट्यावर उभ्या राहत. दुसऱ्या दिवशीही राहिल्या.

वासुदेव दाढी करत होते. खोलीतून खडखड आवाज आला, म्हणून ते फेसासकट धावले. काटा एका बाजूला कलला होता, कुमुदताई भिंतीला धरून त्यावरच उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. सुई तबकडीच्या टोकाला जाऊन पडली होती.

"माझ्या वजनानं मोडला," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून असं नाही.

वासुदेवांनी सांगायला तोंड उघडलं. तोंडात फेस गेला. तोंड मिटलं.

त्या दिवशी कुमुदताईंनी दोनाऐवजी एकच चपाती घेतली. चहात साखर नको म्हणाल्या. टीव्हीवरच्या बाईला नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत. हेमानं विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय." पण त्यात जोर नव्हता.  वासुदेव जेवत राहिले, कारण हेमा बघत होती.

आणि हा सगळा खटाटोप चालला होता तो कुमुदताईंसाठीच!

गेल्या हिवाळ्यात इथल्या मराठी मंडळाची सात-आठ कुटुंबं खोर फक्कानजवळ किनाऱ्यावर राहायला गेली होती. तेव्हा कर्णिकांकडे एक छोटी, हलकी, जुनी कॅरॅव्हॅन होती. आत झोपायची सोय, बाकी उघडं आकाश. कुमुदताई दिवसभर हसत होत्या, पण पाणी देऊ केलं की "तहान नाही हो" म्हणत. परत निघताना हेमानं हळूच सांगितलं, "तिनं सकाळपासून पाणी प्यायलं नाही. वाळूतून तेवढं लांब चालत जायचं, तिथे बसायचं, उठायचं, तिला जमत नाही."  वर्षभरात त्यांनी छोटी विकली आणि बाथरूमवाली मोठी घेतली. छोटीच्या जवळजवळ दुप्पट जड. विकणाऱ्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "माझी गाडी ओढेल ना?" तो म्हणाला, "इन्शाल्ला, हबीबी." एरवी प्रत्येक आकड्याला पुरावा मागणाऱ्या वासुदेवांनी तेवढ्यावर व्यवहार केला आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'खास आमच्या आईंसाठी.' सत्तावन्न लोकांनी हात जोडले.

काटा मोडल्यावर मात्र ते इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथे नीट मोजमाप झालं. पुढचा गॅस सिलिंडर आणि पाण्याची टाकी चाकांच्या वर सरकवली, तेव्हा नाकाचा भार शंभरच्या आत आला. ओढायलाही गाडी समर्थ निघाली. वासुदेव खूश झाले आणि घरी येऊन गाडीचं पुस्तक पुन्हा उघडून बसले. खुशी तिथेच संपली.

कारण ओढायचं वजन वेगळं आणि वाहायचं वेगळं. नाक गाडीवर जो भार टाकतं, तो वाहायच्या खात्यात जातो. म्हणजे मागच्या सीटवर एक न दिसणारा, न बोलणारा, जवळजवळ शंभर किलोचा पाहुणा येऊन बसतो आणि घरच्यांची जागा खातो. गाडी किती माणसं आणि सामान अंगावर घेईल याला हद्द असते. ती ओलांडली की मागचे टायर तापतात, ब्रेक लांबतात आणि डोंगराच्या उतारावर मागची गाडी पुढचीला शेपटीसारखी हलवायला लागते. हे काही गमतीचं नव्हतं.

घरातल्यांची वजनं हवी होती. हेमानं लग्नाआधीचं सांगितलं. मिहिका, वय वर्षं सतरा, म्हणाली, "बाबा, दॅट्स सो रूड." सासूबाईंना वजन विचारणं कोणत्या जावयाला शक्य आहे? त्यांनी आदरानं बरंच कमी धरलं. खुर्च्या काढल्या, शेगडी काढली, बर्फाची पेटी काढली. तरीही साधारण एक माणूस जास्तच.

मग वासुदेव एकेक माणूस नजरेसमोर आणत गेले. मुलगी परीक्षा संपल्याच्या आनंदात होती. हेमाला 'तू राहा' म्हणायची त्यांची छाती नव्हती. काढायच्या यादीत स्वतःला त्यांनी धरलंच नव्हतं. ड्रायव्हर म्हणजे गाडीचाच एक भाग, अशी त्यांची समजूत. वास्तविक हेमानं लायसन्स पहिल्या टेस्टमध्ये काढलं होतं आणि वासुदेवांनी पाचव्या. गेल्या वर्षी कॅरॅव्हॅन परत आणली तीही तिनंच, कारण बार्बेक्यूनंतर यांना झोप अनावर झाली होती. या दोन्ही विषयांवर घरात बोललं जात नसे. मंडळातल्या दर्शनच्या गाडीत एक जागा रिकामी होती. पण 'आईंना तुझ्याकडे बसव' म्हटलं असतं तर त्यानं 'का?' विचारलं असतं, आणि मग ग्रुपवर जोडलेले सत्तावन्न हात टाळ्या वाजवायला मोकळे झाले असते.

जेवताना वासुदेव ताटाकडे बघत म्हणाले, "आई, या वेळी तिकडे गारठा फार आहे म्हणतात. तुमच्या गुडघ्यांना त्रास होईल."

कुमुदताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या अंगाकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून नुसतं 'बरं' त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"आजी नॉट कमिंग?" मिहिकानं मान वर केली. "देन हू इज द बाथरूम फॉर?"

 वासुदेवांनी आमटी मागितली, जी त्यांच्या समोरच होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या शहरबानू आल्या. खेडच्या, भाचीच्या लग्नाला निघालेल्या. दोन फुगलेल्या बॅगा दारात ठेवून त्यांनी आवाज दिला, "कुमुदताई, काढा तुमचा तो जल्लाद!"

कुमुदताई सोफ्यावरून उठल्या नाहीत. "काटा नाही आता, शहरबानू. मोडला."

"अगो! कसा?"

"मीच मोडला. उभी राहिले आणि गेला. चांगली जाडी झालेय मी." त्या हसल्या, पण हसणं अर्ध्यावरच थांबलं. "म्हणून तर उद्या जात नाहीये. गाडीलाही झेपायला हवी ना बाई."

वासुदेव तिथेच दोरीचं भेंडोळं घेऊन उभे होते. त्यांचे कान आधी तापले, मग गाल, मग मान. साठ दिरहमला नवा काटा मिळतो, म्हणजे चौदाशे रुपये; हा हिशेब त्यांनी चार दिवसांत कितीदा केला होता. पण नवा काटा आणला असता तरी ही बाई त्यावर चढली नसती, हे त्यांना आत्ता, या क्षणी कळलं. जन्मभर लोकांना तोंडावर वजन सांगणाऱ्या बाईला त्यांनी स्वतःच्या अंगाची लाज वाटायला लावली होती.

"आई," ते म्हणाले. दोरी हातातून सुटून पसरली. "काटा मी मोडला."

"काय?"

"कॅरॅव्हॅनखाली घातला. तिचं वजन मोजायला. आणि मोडल्यावर तसाच पलंगाखाली ठेवून दिला. तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा तो आधीच मेलेला होता."

शहरबानूंनी तोंडाला ओढणी लावली. आत हसू होतं की काय होतं, कळायला मार्ग नव्हता. हेमा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि नवऱ्याकडे अशी बघू लागली, की त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं.

"आणि गुडघ्यांचंही खोटंच," वासुदेव थांबेनात. एकदा बूच निघालं होतं. "गारठा-बिरठा काही नाही. माझंच गणित चुकलं. जड कॅरॅव्हॅन घेतली आणि आता गाडीला एक माणूस जास्त होतंय. लोकांना सांगायची लाज वाटली, म्हणून... म्हणून तुम्हालाच..."



कुमुदताई सोफ्याच्या हाताला धरून सावकाश उठल्या. पदर खोचला. कमरेवर हात ठेवले. चार दिवसांनी ते हात पुन्हा तिथे गेले होते.

"किती जास्त?"

"सत्तरेक किलो."

"सामान?"

"सगळं काढलं. खुर्च्या, शेगडी, बर्फाची पेटी. टॉवेलसुद्धा कमी केले."

"टॉवेल!" कुमुदताई शहरबानूंकडे वळून म्हणाल्या. शहरबानूंची ओढणी थरथरायला लागली.

"मग आता काय काढू, आई? तुम्हीच सांगा," वासुदेव अगदी रडवेले होऊन म्हणाले.

कुमुदताईंनी जावयाला डोक्यापासून पायापर्यंत आणि मग पोटाशी जरा थांबून पाहिलं.

"सगळ्यात जड तुम्ही आहात वासुदेवराव, तुम्ही उतरा."