आईने पाहिलेला संसार

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मी अमेरिकेहून महिनाभराच्या रजेवर धारवाडला आले, तेव्हा माझं लग्न झालेलं आहे की नाही, हे मला धड सांगता येत नव्हतं. तुम्ही हसाल. पण त्या महिन्यात आमच्या घरात कुणालाच ते सांगता येत नव्हतं, आणि आमच्या घरात तर वकील होते.

नवरा आणि मी वेगळे राहू लागून काही महिने झाले होते. भांडण नाही, आदळआपट नाही. एका रविवारी त्याने मला समोर बसवलं, ‘मला जमत नाहीये’ एवढंच म्हणाला आणि त्याच आठवड्यात कपडे घेऊन मित्राकडे राहायला गेला. काय जमत नाही, असं मी विचारलं. त्यालाही ते सांगता आलं नाही. तो मूळचा हुबळीचा, कापडदुकानवाल्या घरातला, पण बरीच वर्षं तिकडे काढून तिथला नागरिक झालेला. त्याची बायको म्हणून मला तिथे कायम राहण्याचं कार्ड मिळालं होतं. आता कायम म्हणजे कायमच, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. पण लग्न नवं असलं की ते कार्ड अटीवर मिळतं आणि दोनच वर्षं चालतं. ती संपायच्या आत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, की आमचं लग्न खरं आहे, नुसतं कार्डासाठी केलेलं नाही. मग अट उठते.

आता मिळून म्हणजे कुणाशी मिळून?

तिथल्या एका वकीलबाईंनी मला समजावलं. दोघांच्या सह्या असतील तर एक रस्ता. घटस्फोट झाला असेल तर दुसरा: बायकोने एकटीने अर्ज करायचा आणि लग्न टिकलं नाही तरी ते खरं होतं, हे पटवून द्यायचं. ‘आणि नुसतं वेगळं राहत असू तर?’ मी विचारलं. तर मग तुम्ही इकडेही नाही आणि तिकडेही नाही, असं त्या म्हणाल्या. नवरा सही करायला घाबरत होता. एकत्र राहत नसताना सही केली तर आपल्यावरच काहीतरी बालंट येईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मारहाण झाली असती तर आणखी एक वाट होती, असंही बाई म्हणाल्या. त्याने एक थोबाडीत तरी मारायला हवी होती, असं क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

कार्ड गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी तिथल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे. इथे एमएस्सी करून घरी बसलेल्या मला पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं समजत होतं. ते सोडून धारवाडात, सप्तापूरच्या आमच्या घरात परत आलेली मुलगी म्हणून राहायचं, हे मला नको होतं. मला तिथे परत जायचं होतं. तेवढी एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती.

घरी आल्यावर गोंधळ वाढलाच. आई म्हणायची, शेजारी जाताना मंगळसूत्र घाल. हुबळीहून सासरची माणसं बोलणी करायला यायची, तेव्हा म्हणायची, काढून ठेव, उगीच त्यांना वाटायला नको की आपण लोंबकळतोय. एकदा मी ते काढायला विसरले आणि सासूबाई चहा पिता पिता माझ्या गळ्याकडेच बघत राहिल्या. समोरच्या घरातल्या अक्का रोज विचारायच्या, ‘जावईबापू केव्हा येणार हो?’ आई बिनदिक्कत सांगायची, ‘सुट्टी मिळत नाही की त्यांना.’

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, धारवाडच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करत होते. असली प्रकरणं त्यांच्या हाताखालून कितीतरी गेलेली. त्यांनी हुबळीकरांशी दोन बैठकांत जमवून आणलं. दोघांच्या संमतीने इथल्याच कोर्टात घटस्फोट घ्यायचा, मुलगा सहीपुरता येऊन जाईल. मला हायसं वाटलं. कोर्टाचा निकाल, म्हणजे डिक्री, मिळाली की वकीलबाईंनी सांगितलेला दुसरा रस्ता मोकळा होणार होता. अण्णांनी मसुदा करून माझ्या हातात दिला आणि अभिमानाने म्हणाले, ‘वाच. कुठे डाग म्हणून ठेवलेला नाही.’

मी वाचला. लग्न झाल्यापासून उभयतांचं पटलं नाही. उभयता लग्नानंतर लगेचच वेगळे राहू लागले. उभयतांमध्ये पती-पत्नी म्हणून संसार झालाच नाही.

‘अण्णा, हे खोटं आहे,’ मी म्हटलं.

‘असंच लिहितात,’ ते म्हणाले. ‘वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात, नाहीतर अर्जच घेत नाहीत. आणि शेवटची ओळ तुझ्यासाठी आहे. उद्या दुसरीकडे बघायचं झालं तर हा कागद पुढे करता येतो. काही झालेलंच नाही म्हटलं की संपलं.’

हुबळीकरांनाही ती ओळ आवडली होती, कारण त्यांच्या मुलाचंही पुन्हा बघायचं होतं. नवराही फोनवर म्हणाला, ‘तुला चालत असेल तर मला चालेल.’ काही झालं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि चार दिवसांनी मलाही वाटायला लागलं की खरंच काही झालं होतं का? ज्याला जाताना कारणही सांगता आलं नाही, त्याच्याबरोबर मी जे काही केलं त्याला संसार म्हणायचं का? मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. कधी राग यायचा, कधी वाटायचं, अण्णांचंच बरोबर असेल.

शेवटी सुभाष रोडवरच्या एका दुकानातून मी तो मसुदा इंग्रजीत करून वकीलबाईंना फॅक्स केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूथवरून फोन लावला.  त्या म्हणाल्या, ‘यातलं खरं कोणतं? तुम्ही मला सांगितलंत ते, की हे?’ डिक्री अर्जाला जोडावी लागते, त्यामागचे कागदही मागू शकतात. संसार झालाच नाही असं तुम्हीच कोर्टात लिहून दिलंत, तर तो खरा होता हे मी कोणत्या तोंडाने सांगू? बूथवाला मीटरकडे बघत होता. मी पैसे देऊन बाहेर पडले.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. ते चिडले. ‘तिथलं तिथे, इथलं इथे. कोण जुळवून बघतंय?’

‘मी बघतेय ना!’ मी ओरडले. ‘इथे काही झालं नाही आणि तिथे सगळं झालं? मी एकच बाई आहे, अण्णा.’

अण्णा पेपर उघडून बसले. मी रडत होते. आई आतून बाहेर आली आणि तिने विचारलं, ‘त्या बाईंना काय पाहिजे?’

मी सांगितलं. दोघांचे फोटो, घराचा दोघांच्या नावचा करार, आणि आम्हाला एकत्र राहताना पाहिलेल्या माणसांचं प्रतिज्ञापत्र.

असं माणूस आमच्या घरात एकच होतं. लग्नानंतरच्या हिवाळ्यात आई महिनाभर आमच्याकडे येऊन राहिली होती. परत आल्यावर दोन महिने ती गल्लीभर एकच गोष्ट सांगत होती: जावई भाकऱ्या थापतो. मी लॅबमधून उशिरा यायचे, म्हणून तो आईकडून भाकरी शिकला होता. त्याची पहिली भाकरी कधी धड निघत नसे, आणि ती फाटकी भाकरी मीच घ्यायची, असा माझा हट्ट असे. मी परत आल्यापासून मात्र आईने ही गोष्ट तोंडातून काढली नव्हती. अक्कांनी एकदा आठवण काढली, तर म्हणाली, ‘भाकरी? नाही हो, पोळीवाली होती तिथे.’

दुसऱ्या दिवशी आई इस्त्रीचं लुगडं नेसून अण्णांच्या आधी तयार होती. कोर्टाजवळ अण्णांचे एक जुने स्नेही नोटरी होते, त्यांच्या टेबलासमोर ती पदर सावरून बसली. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, ‘काय लिहायचं, वहिनी?’

आई मराठीतच बोलली. ‘लिहा. मी एक महिना त्यांच्या घरी होते. माझी मुलगी आणि जावई एकत्र राहत होते. नवरा-बायकोसारखे.’

अण्णा खाकरले. ‘एवढं पुरे.’

‘साकु? पुरे कसलं, अजून सुरूच केलं नाही,’ आई म्हणाली. ‘लिहा. जावई भाकऱ्या थापायचे. मी शिकवल्या. ती आल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. पहिली भाकरी फाटायची, ती हीच खायची. मी डोळ्यांनी बघितलंय.’

‘असलं कोण लिहितं अॅफिडेव्हिटमध्ये?’ अण्णा म्हणाले. ‘उद्या हे कुणी वाचलं तर हिचं पुढे काय होणार, कळतंय का तुला?’

आई नोटरींकडे वळली. ‘कळतंय. लिहा हो तुम्ही.’

नोटरींनी लिहिलं. अण्णांनी आपला मसुदा मागे घेतला आणि घटस्फोट आम्ही दोघांनी पुढे अमेरिकेतल्याच कोर्टात, खरं लिहून घेतला. नंतर मी एकटीने अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिथल्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने आईचं प्रतिज्ञापत्र समोर ठेवून खूप प्रश्न विचारले. घरी कोण स्वयंपाक करायचं, भाडं कोण भरायचं, भाकरी म्हणजे काय. मला कार्ड मिळालं, या वेळी अटीशिवायचं. आमचं लग्न का मोडलं, हे मात्र त्याने विचारलं नाही.

ते आईने विचारलं होतं, प्रतिज्ञापत्राच्या त्या दिवशीच. नोटरीकडून आम्ही दोघी रिक्षाने घरी येत होतो. अण्णा कोर्टातच थांबले होते. आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

‘मी सगळं खरं सांगितलं की नाही गं?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘मग मोडलं कसं?’

सप्तापूर येईपर्यंत मी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. आई आता नाही. मी अजून ते उत्तर शोधते आहे.