उंदरांची दहा दिवसांची सुट्टी

माझ्या पीएचडीची खरी परीक्षा चोवीस पांढऱ्या उंदरांनी द्यायची होती. ते नापास झाले आणि त्यांच्यासोबत मीही. अजूनही ती सकाळ आठवली की डोकं तापतं.

सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजात मी मॉर्फिनवर काम करत होते. दारुड्याला दिवसेंदिवस जास्त लागते, हे आपल्याला गल्लीतच शिकायला मिळतं. पण याच्या उलटही घडतं. एक दिवसाआड, दर वेळी त्याच एका ठिकाणी ठेवून, तेवढंच मॉर्फिन टोचत गेलं की उंदीर दर वेळी आधीपेक्षा जास्त धावतो. मग काही दिवस औषध बंद ठेवायचं आणि पुन्हा एकदा तेवढंच द्यायचं. उंदीर पुन्हा तसाच उधळला तर समजायचं, शरीर काही विसरलेलं नाही. व्यसन सुटलेला माणूस पुन्हा का घसरतो, त्याचा एक धागा इथे सापडतो. मला तो सापडायलाच हवा होता. परवानगीचे कागद हलवण्यातच एक वर्ष गेलं होतं, फेलोशिप संपत आली होती आणि फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील साताऱ्याहून रोज फोनवर विचारत, "उंदरांचं उरकलं का?"

अर्ध्या उंदरांना पाच वेळा मॉर्फिन दिलं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. टोचून झालं की त्यांना एका मोठ्या काचेच्या पेटीत सोडायचं. तिथे त्यांचं धावणं यंत्र मोजे. मॉर्फिनवाल्यांचे आकडे असे चढत गेले की मी मनातल्या मनात प्रबंध बांधायलाही टाकला. मग दहा दिवस औषध बंद. उंदीर प्राणिगृह सांभाळणाऱ्या मामांच्या हवाली केले आणि घरी साताऱ्याला जाऊन प्रबंध लिहीत बसले. मामा जतकडचे, लहानपणापासून मेंढरांमागे फिरलेले. मला दोनदा चावलेला उंदीर त्यांच्या तळहातावर निवांत बसे.

अकराव्या दिवशी सगळ्या उंदरांना मॉर्फिन टोचलं आणि पेटीत सोडलं. जुने मॉर्फिनवाले आता उधळतील म्हणून मी श्वास रोखून उभी. कसलं काय. औषध पहिल्यांदाच घेणारे जेवढे धावले, तेवढेच हेही धावले. औषध बिघडलं म्हणावं, तर नव्यांचे आकडे बरोबर होते. यंत्रही ठीक होतं. शेवटी मामांना विचारलं, दहा दिवसांत काही वेगळं झालं का?

"वेगळं काय न्हाई," मामा म्हणाले. "रोज सकाळी आर्धा तास त्या मोठ्या पेटीत सोडायचो. आवं म्याडम, जनावर दहा दिस एका जागी कोंडून ठिवायचं व्हय? आखडतं की. मेंढरं बी आमी अशी ठेवत न्हाई."

ती पेटी म्हणजे मॉर्फिन, ही गाठ उंदरांच्या डोक्यात मीच मेहनतीने मारली होती. मामांनी रोज त्यांना त्याच पेटीत औषधाविना फिरवून ती सोडवली होती. मला इतका संताप आला की वयाचा मान न ठेवता मी ओरडले, "कुणाला विचारून केलंत हे?"

त्यांनी शांतपणे प्राणिगृहाची वही उघडली. "लिवलंय की हितं."

खरंच लिहिलं होतं. रोज, टपोऱ्या अक्षरात: सकाळी पेटीत सोडले, अर्धा तास. पाचव्या दिवसाखाली माझी सही होती. त्या दिवशी मी कॉलेजात धावत आले होते, साताऱ्याची एसटी चुकेल म्हणून न वाचता सही ठोकून धावत परत गेले होते. मामांवर चिडायची सोयही उरली नाही.

मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले. "मजेशीर आहे," म्हणाले, "पण हा वेगळा प्रयोग झाला. तुझ्या मंजुरीत बसत नाही. नवे उंदीर मागव." म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा समिती, पुन्हा वडिलांचा फोन. मजेशीर! मला केबिनचं दार आपटावंसं वाटलं. आपटलं नाही, एवढंच.

आणि जुने उंदीर? प्रयोग संपला की ते ठेवायचे नसतात, मारायचे असतात. गॅसचा डबा मीच तयार केला. मामा पिंजऱ्यातून एकेक उंदीर काढून माझ्याकडे देत होते, कारण माझ्या हातात ते बिचकत.

चार-पाच झाल्यावर मामा थांबले. पुढचा उंदीर त्यांच्या मुठीत होता.

"म्याडम, ह्येंची सवय सुटली हुती म्हणताय न्हवं?"

"हो मामा."

"मग ह्येंचं चुकलं काय?"

मी हात पुढे केला आणि उंदीर मागितला.