तांदळाच्या डब्यातली संकष्टी

आमच्या भावोजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, आयुष्यात एकही गोष्ट बेताने केलेली नाही. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं तर हे सीवूड्सहून निघून थेट बेलापूरला पोचायचे आणि ताईला फोन करून विचारायचे, "आता परत कसा येऊ?" कुणीतरी म्हणालं कडुलिंब चांगला, तर पुढे महिनाभर त्यांच्या घरचा चहासुद्धा कडू लागत होता. पण या सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांची संकष्टी. शाळेत असल्यापासून त्यांनी एकही संकष्टी मोडलेली नाही. स्वतःच्या साखरपुड्यालाच संकष्टी आली, तर पाहुण्यांच्या पंगतीत जिलेब्या फिरताहेत आणि नवरदेव राजगिऱ्याचा लाडू हातात धरून बसलेले. आमची आई त्याच दिवशी म्हणाली होती, "मुलगा शब्दाचा पक्का आहे, फक्त डोक्याने जरा असाच आहे." माणसांबद्दलचं आईचं मत सहसा चुकत नसे.

आता खोटं वाटेल, पण हा माणूस ऐकण्यातही असाच अट्टल होता. भावोजी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, ताई नेरुळच्या एका शाळेत शिकवायची. संध्याकाळी दोघं घरी आली की चहा गाळता गाळता भावोजींचा ठरलेला प्रश्न यायचा, "हं, आज शाळेत काय झालं?" उगाच विचारायचा म्हणून नाही हं. ताईने सुरुवात केली की हे मांडी ठोकून बसायचे आणि वकिलासारख्या शंका काढायचे, "पण डबा त्यानेच खाल्ला हे तुला सांगितलं कुणी?" वर्गातली सगळी मुलं, त्यांच्या आया, त्यांच्या खोड्या यांना तोंडपाठ, आणि त्यातलं एकही मूल यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एकदा आम्ही तिघं सीवूड्सच्या मॉलमध्ये गेलो असताना एक दाढीवाला धिप्पाड तरुण येऊन ताईच्या पाया पडला. ताई काही ओळखेना. बिचारा ओशाळला, त्याने आपलं नाव सांगितलं मात्र, भावोजी ओरडले, "अरे, सहलीला बाईंच्या पर्समध्ये उलटी करणारा तो तूच ना?" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. पण त्या पोराचा चेहरा असा फुलला म्हणता! आपली उलटी कुणाच्या तरी लक्षात राहिली याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग भावोजी रिटायर झाले आणि त्यांच्या लेकाने बंगलोरला नोकरीवर जाता जाता त्यांच्या हातात मोठा फोन ठेवला. म्हणाला, "बाबा, आता आरामात बघा काय बघायचं ते." झालं! माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते काय खोटं नाही. भावोजींना रील्स सापडले. सकाळी तोंडात ब्रश आणि हातात फोन. ब्रश थांबायचा, अंगठा थांबायचा नाही. रील सांगेल ते घरात होऊ लागलं. चकाकी येते म्हणून एकदा फ्रीजला दही फासलं. चकाकी आली नाही, मुंग्या आल्या. ताईने काहीही सांगू दे, गॅस संपलाय, बेल वाजतेय, जेवण गार होतंय, वर न बघता एकच उत्तर, "हे एवढं संपलं की." आणि ते संपतंय कुठलं! एक सरकवलं की खालून दुसरं हजर. मारुतीच्या शेपटाला निदान टोक तरी होतं. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "भावोजी, तुमच्या बिल्डिंगला आग लागलीये." तर म्हणतात कसे, "हो का? पाठव, बघतो." आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. ताईही हसली, पण चहा गाळतानाचा तो प्रश्न केव्हाच बंद पडलाय हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं.

यंदा ताईही निवृत्त झाली. शाळेने निरोप समारंभ ठेवला आणि भावोजींना मानाने पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. मी त्यांच्या मागेच होते. ताई बोलायला उभी राहिली. म्हणाली, "सगळे म्हणतात, बाईंना प्रत्येक मुलाचं सगळं लक्षात असतं. खरं सांगू? ते लक्षात ठेवणारे इथे समोर बसलेत. मी रोज घरी जाऊन सांगायचे, ते ऐकायचे, म्हणून माझ्या लक्षात राहायचं. माझी निम्मी शाळा यांनी सांभाळली." अख्खा हॉल टाळ्या वाजवत भावोजींकडे वळला. भावोजी मान खाली घालून गदगदत होते. सगळ्यांना वाटलं, रडताहेत. शेजारच्या बाईंनी तर रुमालही पुढे केला. तेव्हा कुठे भावोजी दचकले. गडबडीने फोन लपवायला गेले तो आवाजाचं बटण दाबलं गेलं, आणि कुठल्याशा रीलमधलं खदाखदा हसणं हॉलभर घुमलं. मला तर धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. ताईने हातातला कागद मिटला, "धन्यवाद" म्हणाली आणि जाऊन बसली.

दोन दिवसांनी ती बॅग घेऊन कामोठ्याला माझ्या दारात उभी. मी विचारलं, "भांडलात?" तर म्हणाली, "भांडायला समोर माणूस लागतो." रात्री जेवताना घास तसाच हातात धरून म्हणाली, "एवढ्या लोकांसमोर त्यांचं कौतुक केलं गं मी. आणि मी काय बोलले ते त्यांना अजून माहीत नाही. तू सांगायचं नाहीस, सांगून ठेवते." माझी ताई रडकी नाही. म्हणूनच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. आल्या आल्या म्हणाले, "फोन फेकूनच देतो!" बेताने काही बोलायचं नाहीच. आतून ताईचा आवाज आला, "मागच्या महिन्यात पण फेकला होता. गादीवर." माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली आणि म्हटलं, बाई, हेच औषध! मी विचारलं, "भावोजी, संकष्टी कधी मोडलीत का हो?" ताडकन म्हणाले, "जीभ हासडून देईन!" मी म्हटलं, "मग या संकष्टीला रील्सचाही उपास. चंद्रोदयापर्यंत. इथे, माझ्या डोळ्यांसमोर." तेवढ्यात ताई दारात येऊन उभी राहिली. "उपास मोडला तर मी काही घरी यायची नाही," ती म्हणाली. "माझी धाकटी मला दोन घास घालेल." भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला पळवून आणलंय.

पण उपास करणारा मराठी माणूस फराळाची सोय आधी बघतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, ते काय उगाच? दुसऱ्याच दिवशी भावोजींचा फोन, "मेहुणीबाई, आडवे व्हिडिओ चालतील का गं? उभे नाही बघत, फक्त आडवे. फराळी." म्हटलं, नाही. "आणि देवाचे?" नाही. "बरं, शेजारी बसलेल्याच्या फोनमधलं चुकून नजरेला पडलं तर? शेजारून फोडणीचा वास आला म्हणून काय उपास मोडतो?" मी म्हटलं, "वास घ्यायला खिडकीत जाऊन उभे राहिलात तर मोडतो." पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

संकष्टीला सकाळीच अंघोळ करून, गंध लावून हजर झाले. फोन बंद करून आपल्या हाताने माझ्यापुढे धरला. रात्रीपुरते तांदूळ मी आधीच काढून ठेवले होते. मग फोन डब्यात, तांदळात अगदी तळाशी खुपसला आणि वर झाकण. दुपारपर्यंत माणसाचे हाल बघवेनात. पेपर वाचताना अंगठ्याने बातमी वर सरकवायला जायचे. गॅलरीत उभे राहून भाजीवाल्याकडे बघायचे, लगेच मान झटकून रिक्षाकडे, लगेच कुत्र्याकडे. साबुदाण्याची खिचडी खाऊन झोपले, उठले ते जरा शुद्धीवर आले. आमचे हे कामावरून आले तर भावोजींनी मांडी ठोकून विचारलं, "हं, आज ऑफिसात काय झालं?" आमचे हे घाबरले. मला आत येऊन हळूच विचारतात, "का गं, कुणी काही सांगितलंय का?" तेवढ्या दिवसांत ताई पहिल्यांदा फिस्सकन हसली. पण बाहेर काही गेली नाही.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. ढगाळ असलं की आपण सगळे कॅलेंडरवरची वेळ बघून उपास सोडतो. भावोजींचं तर त्या वेळेला पान वाढून तयार लागतं. वेळ झाली, मी पानं घेतली, मोदक वाढले आणि तांदळाचा डबा पुढे सरकवला. "काढा बाबा तुमचं रत्न." भावोजींनी डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चंद्र कुठे दिसलाय?"

"अहो, वेळ होऊन गेली!"

"होऊ दे. गच्चीत जाऊन बघू." आणि ताईकडे न बघताच म्हणाले, "येतेस का? जिन्यात दिवा नाहीये." ताई पदराला हात पुसत निघाली. चंद्राला ओवाळायचं ताट घेऊन मी मागून गेले, म्हणून पुढचं मला कळलं, नाहीतर कळायला काही मार्ग नव्हता.

भावोजी टाकीच्या कठड्याला टेकले होते. म्हणाले, "त्या दिवशी काय बोललीस? सगळे माझ्याकडे बघत होते."

"ते झालं आता. भाषण परत करत नसतात," ताई म्हणाली.

मग भावोजी म्हणाले, "बरं, मग आज शाळेत काय झालं?"

"अहो, शाळा संपली माझी."

"माझी राहिलीय ना पण!" त्यांचा आवाज असा फुटलेला मी कधी ऐकला नव्हता. "गेल्या तीन वर्षांतली तुझी मुलं मला माहीतच नाहीत गं. उद्या रस्त्यात एखादं पाया पडलं, तर तुला कोण सांगणार ते कोण म्हणून?"

ताईने डोळे पुसले ते मी पाहिलं. मग ती कठड्याला टेकून, त्यांच्याकडे न बघता सांगायला लागली, "तुम्ही रिटायर झालात ना, त्या वर्षी माझ्याकडे नववी अ होती. त्यात एक मुलगी होती, सारखी पेन्सिल हरवायची..." भावोजींची शंका आलीच, "हरवायची का कुणाला देऊन टाकायची?" ताई थबकली. "अगंबाई," ती म्हणाली, "हे मला कधी सुचलंच नाही."

इकडे ढग सरकून चंद्र चांगला वर आला. मी ताट घेऊन खोकले, परत खोकले. शेवटी म्हटलं, "भावोजी, चंद्र आलाय. उपास सोडायचाय ना?" वर न बघताच म्हणाले, "थांब गं मेहुणीबाई. हे एवढं संपलं की."

जेवून दोघं त्याच रात्री रिक्षाने सीवूड्सला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाताला तांदूळ घ्यायला मी वाटी डब्यात घातली, तर खट्ट! फोन तसाच तळाशी. मी घाईघाईने ताईला फोन लावला, म्हटलं, "अगं, भावोजी फोन विसरले की! संध्याकाळी ह्यांच्याबरोबर पाठवून देऊ?"

मागून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता आणि भावोजी काहीतरी विचारत होते. ताई म्हणाली, "नको गं, असू दे तिथेच. आमची अजून नववी अ चाललीये."